मोळीवालीच्या लुगड्याचा रंग

आजचा धागा रंगीत छायाचित्रणाच्या आरंभकाळाविषयी आहे. तो लांबला आहे आणि त्यात इतिहासाबरोबर माझे मतही आले आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगून ठेवतो.

निमित्त असे घडले. कर्जत परिसराच्या एका समूहावर मागील महिन्यात एक छायाचित्र फिरत होते. खाली मजकूर होता, 'भिवपुरी, सन १९१०. दुर्मिळ मूळ रंगीत छायाचित्र.' पाठीमागे सह्याद्रीची धार, पुढे पायवाट आणि डोक्यावर लाकडांच्या मोळ्या घेऊन ओळीने चाललेल्या चार स्त्रिया. पहिलीचे लुगडे हिरवेगार, दुसरीचे निळसर, उरलेल्या दोघींची तपकिरी. लोकांनी मनापासून दाद दिली होती. आपल्या आज्या-पणज्या अशा दिसत असतील, असे कोणीतरी लिहिले होते आणि ते वाचून मलाही क्षणभर भरून आले.

मग लक्ष गेले ते पहिल्या बाईच्या पायाकडे. तिचे उजवे पाऊल उचललेले होते, टाच वर आणि बोटे नुकतीच जमिनीवरून सुटलेली. ते पाऊल अगदी लख्ख, रेखीव उमटले होते. १९१० सालच्या रंगीत छायाचित्रात असे पाऊल उमटणे शक्यच नव्हते. का, ते सांगायचे तर बटाट्यापासून सुरुवात करावी लागते.

फ्रान्समधील लियाँ शहरचे ऑगस्त आणि लुई ल्युमिएर हे बंधू आपल्याला परिचित आहेत ते चलच्चित्रांमुळे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखविली गेलेली हलती चित्रे त्यांचीच. याच बंधूंनी डिसेंबर १९०३ मध्ये रंगीत छायाचित्रणाच्या एका पद्धतीचे एकस्व घेतले आणि १९०७ मध्ये 'ऑटोक्रोम' नावाच्या काचा बाजारात आणल्या. (नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडीही त्याच १९०७ सालची. आपल्या भागाचा त्या सालाशी संबंध तेवढाच.)

या काचेची घडण मोठी विलक्षण होती. बटाट्याच्या स्टार्चचे अतिसूक्ष्म कण, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढे, वेगळे काढून त्यांचे तीन वाटे करायचे. एक नारिंगी-तांबड्या रंगात, दुसरा हिरव्या आणि तिसरा निळ्या-जांभळ्या रंगात रंगवायचा. मग तिन्ही एकत्र मिसळून चिकट लेप दिलेल्या काचेवर एकाच थरात पसरायचे, उरलेल्या फटींत कोळशाची बारीक पूड भरायची, दाब देऊन कण चपटे करायचे आणि वर नेहमीचा प्रकाशसंवेदी थर चढवायचा. छायाचित्र घेताना उजेड आधी या रंगीत कणांतून गाळून येई आणि मग त्या थरावर पडे. धुतल्यावर काचेवरच सुलट चित्र तयार होई. ते पाहायचे ते काच उजेडासमोर धरून. कागदावरची प्रत नाही, दुसरी काच नाही. जे काय असेल ते एकच.

पण कणांच्या या गाळणीत बराचसा उजेड अडकून पडे. शिवाय भिंगापुढे एक पिवळसर काच लावावी लागे, ती आणखी उजेड खाई. परिणामी, साध्या कृष्णधवल काचेला क्षणार्धात जमणारे काम ऑटोक्रोमला रणरणत्या उन्हातही एखादा सेकंद घेई, आणि सावलीत कित्येक सेकंद. एका सेकंदात डोक्यावर मोळी असलेली बाईदेखील दोन पावले टाकते. ऑटोक्रोममध्ये तिचे पाय नसतेच, पायांच्या जागी धुरकट पट्टा असता.

तेव्हा समूहावरचे ते चित्र मुळात कृष्णधवल होते आणि संगणकाने ते रंगविले होते. दोन दिवसांनी एका सदस्याने मूळ करडी प्रत टाकलीही. त्यावर प्रतिक्रिया आली, 'मग काय बिघडले? रंगामुळे मुलांना इतिहास जवळचा वाटतो.' या प्रश्नाला उत्तर द्यावे, तेही नीट द्यावे, म्हणून हा खटाटोप.

खरा रंगीत पुरावा कसा असतो, ते आधी पाहू. आल्बेर कान हा १८६० मध्ये अल्सास प्रांतात जन्मलेला फ्रेंच सावकार. दक्षिण आफ्रिकेतील सोन्या-हिऱ्यांच्या खाणींच्या समभागांत त्याने अफाट पैसा मिळवला. १९०८-०९ मध्ये तो जगाच्या फेरीवर गेला, बरोबर छायाचित्रे घेण्यासाठी आपल्या मोटारचालकालाच शिकवून नेले. परतल्यावर त्याने ठरवले की पृथ्वीवरील माणसांच्या राहणीची एक नोंदवहीच तयार करायची. तिचे नाव 'पृथ्वीचे दप्तर' असे मराठीत सांगता येईल. १९१२ पासून झाँ ब्रून या भूगोलतज्ज्ञाकडे त्याची सूत्रे आली. पन्नासएक देशांत छायाचित्रकार धाडले गेले. १९३१ पर्यंत सुमारे ७२,००० ऑटोक्रोम काचा आणि १,८३,००० मीटर चित्रफीत जमली. १९२९ च्या मंदीत कानचे दिवाळे निघाले, १९४० मध्ये तो गेला. काचा मात्र पॅरिसलगत बुलोन्य येथील त्याच्या नावाच्या संग्रहालयात सुरक्षित आहेत.

या मोहिमेतला स्तेफान पासे हा छायाचित्रकार डिसेंबर १९१३ मध्ये मुंबईत उतरला. तेथून तो उत्तरेकडे काशीपर्यंत गेला. त्याच्या त्या फेरीतील काचा आज कोणालाही पाहता येतात, आणि प्रत्येकाने एकदा तरी त्या पाहाव्यात. वर्णनात वाचलेला रंग आणि काचेतून उमटलेला रंग यांत किती अंतर असते, ते तेव्हा कळते. उन्हाने विटलेला भगवा, धुऊन धुऊन पातळ झालेला तांबडा, चुन्याच्या भिंतीवरचा निळसर कवडसा. हे रंग कोणी कल्पनेने भरलेले नाहीत. त्या दिवशी त्या कापडावरून परतलेला उजेड त्या कणांतून गेला आणि तिथे राहिला.

तरीही या काचा भाबडेपणाने पाहता येत नाहीत. पासेच्या काचांत काय दिसते? बसलेले साधू, पायऱ्यांवर थांबलेली माणसे, उन्हात उभ्या इमारती. जे एक सेकंद स्तब्ध राहू शकते, ते. पासेजवळ चित्रफितीचा कॅमेराही होता, पण तो कृष्णधवल. रंग होता तेथे हालचाल नव्हती आणि हालचाल होती तेथे रंग नव्हता. गोदीतला हमाल, गिरणीतून सुटलेला कामगार, घाट उतरणारी मोळीवाली ही माणसे रंगाच्या नोंदीबाहेर राहिली, ती केवळ थांबायला सवड नसल्यामुळे. परदेशी प्रेक्षकाला मात्र या काचांवरून वाटे की पूर्वेकडची माणसे नुसती बसून असतात. त्या समजुतीत साहेबाच्या अहंकाराइतकाच बटाट्याच्या कणांचाही वाटा आहे, असे माझे मत आहे.

आणि पासेचा रस्ता पाहा. मुंबईहून उत्तरेला जाणारी गाडी कर्जतवरून जात नाही. त्यामुळे भिवपुरीचा ऑटोक्रोम नसावा, यात नवल नाही.

आता मूळ प्रश्न. काय बिघडते?

जुन्या कृष्णधवल काचा सगळ्या रंगांना सारख्या दिसत नसत, किंवा खरे म्हणजे त्या काचांना सगळे रंग सारखे दिसत नसत. निळा रंग त्यांना फार प्रखर भासे, म्हणून जुन्या छायाचित्रांत आकाश पांढरेफटक असते. तांबड्या रंगाच्या बाबतीत मात्र त्या जवळजवळ आंधळ्या होत्या. तांबडे कापड काळे येई. कपाळावरचे कुंकू काळे ठिपके होऊन उमटे. तांबडी माती काळपट, हळदही अपेक्षेपेक्षा गडद.

याचा अर्थ महाराष्ट्राच्या संदर्भात लावून पाहा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या छायाचित्रात एक स्त्री गडद, जवळजवळ काळ्या वस्त्रात बसली आहे. ते वस्त्र संक्रांतीला नव्या सुनेला घेतलेली काळी चंद्रकळा असू शकेल. ते केशवपन केलेल्या विधवेचे तांबडे आलवणही असू शकेल. करड्या छटेत दोन्ही सारखीच. एकीला सणाचे कौतुक, दुसरीचा सण कायमचा संपलेला. डोक्यावरचा पदर जरा पुढे ओढलेला असेल तर चेहऱ्यावरूनही ओळखता यायचे नाही. संगणकाला या दोघींतला फरक ठाऊक नाही. त्याने लक्षावधी रंगीत चित्रे पाहून बांधलेला अंदाज असतो, आणि अंदाज नेहमी सरासरीकडे झुकतो. तो गडद करड्याला गडद तपकिरी करील, निळसर करील, मनाला येईल ते करील. पण 'मला माहीत नाही' असे तो म्हणणार नाही. करडे छायाचित्र निदान तेवढे तरी प्रामाणिकपणे म्हणते.

बिघडते ते हे. एका विधवेला आपण हिरवे लुगडे नेसवतो आणि वर 'दुर्मिळ मूळ' असा शिक्का मारतो.

रंगाचे असे फसवे काम संगणकानेच प्रथम केले, असेही नाही. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या कारभारात होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रे घेत. त्याच वर्तुळातील विल्यम जॉन्सन याने मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातली माणसे एका ठिकाणी टिपलेली, पाठीमागचा देखावा दुसऱ्या ठिकाणचा, आणि दोन्ही कापून-जोडून एकत्र केलेली. पाहणाऱ्याला मात्र ती माणसे आपापल्या मुलखात उभी आहेत असे वाटावे. त्यातल्या चेहऱ्यांचे मोल मी कमी लेखत नाही. पण तो खंड उघडताना जोड कुठे आहे ते शोधण्याची सवय लागते, आणि ती चांगली सवय आहे.

उलट, खऱ्या रंगीत काचेत चूकसुद्धा खरी असते. रशियातील प्रोकुदिन-गोर्स्की १९०९ पासून झारच्या आश्रयाने साम्राज्यभर हिंडला. तो तांबड्या, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून एकामागून एक अशी तीन छायाचित्रे घेई आणि ती एकावर एक प्रक्षेपित करी. मधल्या काही क्षणांत नदीचे पाणी हललेले असे, म्हणून त्याच्या चित्रांत लाटांना तांबड्या-निळ्या कडा दिसतात. ती चूक सांगते की पाणी खरोखर वाहत होते.

आता माझ्या आवडीचा भाग. ऑटोक्रोममधले कण ज्या रंगांनी रंगविले जात ते रासायनिक रंग होते. त्यांतला एक टारट्राझीन, म्हणजे आज मिठाईत आणि सरबतात वापरला जाणारा पिवळा. आणि काचेसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावरचे कापड? १८५६ मध्ये पर्किनने पहिला कृत्रिम जांभळा रंग तयार केला, १८६९ पासून कृत्रिम अलिझरीन बाजारात आले आणि आपल्याकडची मंजिष्ठा व आल यांची लागवड हळूहळू मागे पडली, १८९७ मध्ये जर्मन कारखान्याने कृत्रिम नीळ विकायला काढली. म्हणजे १९१३ सालच्या मुंबईत ज्याला परदेशी पाहुणा 'पूर्वेचे पारंपरिक रंग' म्हणून टिपत होता, त्यांतले बरेचसे युरोपातील कारखान्यांतून पिंपांत भरून आलेले असणार. काचेत आणि कापडात एकच रसायनशास्त्र. आपल्या रानातला कातसुद्धा एक रंगच, आणि तो काढणारे म्हणून कातकरी. पण त्या तपकिरीची नोंद घेणारी काच खैराच्या झाडापर्यंत पोचली नाही.

कानची भूमिका अशी होती की जुन्या चालीरीती नाहीशा होणार हे अटळ आहे, प्रश्न फक्त वेळेचा, म्हणून त्या आधी टिपून ठेवाव्यात. हेतू चांगला होता. राष्ट्रे एकमेकांना ओळखू लागली तर युद्धे टळतील, असा त्याचा विश्वास होता. पण 'अटळ' या शब्दाशी माझे भांडण आहे. भिवपुरीत राहणाऱ्याला तो शब्द सहज गिळता येत नाही.

पासे मुंबईत उतरला तेव्हा खोपोलीच्या वर, लोणावळ्याकडे टाटांच्या धरणांची कामे चालू होती. १९१५ मध्ये खोपोलीचे वीजगृह सुरू झाले. पुढे मावळात ठोकरवाडी येथे आंध्रा नदी अडविली गेली, तिचे पाणी नळांतून घाटाखाली उतरविले गेले आणि १९२२ मध्ये भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले. ही वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. वर खोऱ्यातली शेते पाण्याखाली गेली. शेजारच्या मुळशीत अशाच धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. कानची मोहीम १९३१ मध्ये थांबली, म्हणजे हा सगळा काळ तिच्याच आयुष्यातला. येथे जे नाहीसे झाले ते काळाच्या ओघात आपोआप विरले नाही. त्याला तारखा होत्या, आराखडे होते, भांडवल होते. आणि खाणींच्या समभागांतून आलेले भांडवलच दुसऱ्या हाताने 'नाहीसे होणाऱ्या' जगाची छायाचित्रे घेत होते. कानला दुष्ट ठरविण्याचा माझा हेतू नाही, त्याने आपले सर्वस्व त्यात घातले. पण नोंद करणारा आणि नाहीसे करणारा यांचे खाते कधी कधी एकाच पेढीत असते, एवढे त्या सुंदर काचा पाहताना ध्यानात असावे.

रंगाची विद्या आपल्याकडे नव्हती, असे मात्र कोणी समजू नये. बोरघाट चढून गेले की लोणावळ्याजवळ मळवली येथे रविवर्मा छापखाना होता. एकेका रंगासाठी एकेक शिळा वापरून तेथे देवादिकांची रंगीत चित्रे छापली जात आणि ती घाटाखालच्या घरांतही पोचली. दादासाहेब फाळके याच छापखान्याशी संबंधित होते. बडोद्याच्या कलाभवनात ते छायाचित्रण शिकले होते, ठसे तयार करण्यात तरबेज होते, रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी जर्मनीला जाऊन आले होते. म्हणजे तिरंगी पद्धत उत्तम जाणणारा माणूस घाटाच्या माथ्यावरच होता. त्याने पुढे रंग बाजूला ठेवून हालचाल निवडली. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला आणि सातएक महिन्यांनी पासे त्याच शहरात आपल्या स्तब्ध, रंगीत काचा लावू लागला. रंग आणि हालचाल एकत्र आणण्याचा 'प्रभात'चा प्रयत्न, 'सैरंध्री', हा त्यानंतर वीस वर्षांनी, १९३३ सालचा. त्याच्या रंगीत प्रती जर्मनीत काढल्या होत्या आणि रंग काही मनासारखे आले नाहीत.

मग भिवपुरीचा रंगीत पुरावा कुठे शोधायचा? माझे उत्तर थोडे वेगळे आहे. तो भाषेत शोधावा. राघू, मोरपिशी, आमसुली, डाळिंबी, अबोली, अंजिरी, गुलबक्षी, पारवा, कुसुंबी, श्रीखंडी, विटकरी. यातला प्रत्येक शब्द एखाद्या ठरावीक कापडावरची, ठरावीक उजेडातली छटा पकडून ठेवतो, आणि ज्यांनी ती कापडे नेसली, वाळत घातली, गोधडीला जोडली, त्या बाया अजून आहेत. गोधडी तर रंगांची चोपडीच, फक्त तिच्यावर सन घातलेला नसतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसासमोर जुने करडे छायाचित्र ठेवून, हे कोणत्या रंगाचे होते, असे विचारावे आणि मिळालेले उत्तर विचारल्याच्या तारखेसह छायाचित्राच्या पाठीवर पेन्सिलने लिहावे. आठवण चुकू शकते, मान्य. पण ती कोणाची आठवण आहे ते तरी माहीत असते.

समूहावरच्या त्या चित्राची मूळ करडी प्रत मी छापून घेतली आणि घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीतील वयस्क आजींना दाखवली. लहानपणी त्यांनीही नेरळच्या बाजारापर्यंत मोळ्या वाहिल्या आहेत. मी लुगड्यांचे रंग विचारले. त्यांनी छायाचित्र उजेडाकडे धरले, बराच वेळ पाहिले, आणि लुगड्यांविषयी काहीच बोलल्या नाहीत. त्यांचे बोट मोळीवर होते. ही फाटी विकायला चालली आहेत, त्या म्हणाल्या. घरच्या चुलीला इतकी सरळ फाटी कोण निवडतो?